छोट्या तटस्थ देशाची युद्धातली मदत कशी मोजायची

माझी भाची आंतरराष्ट्रीय संबंध शिकते. मागच्या महिन्यात तिने मला एक तक्ता पाठवला. विषय असा : १९४० साली आयर्लंड तटस्थ न राहता मित्रराष्ट्रांच्या बाजूने उतरला असता, तर त्याने युतीला काय दिलं असतं? रकाने होते पायदळ, रणगाडे, विमानं, युद्धनौका. प्रत्येक रकान्यात किरकोळ आकडा आणि तळाशी निष्कर्ष, जवळजवळ शून्य. सोबत निरोप होता, "मामा, शून्यच येतंय. मग चर्चिल एवढा का चिडला होता?"

प्रश्न तिने अगदी नेमका विचारला होता. चुकला होता तो तक्ता. मी चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीच सेकंड मेट म्हणून, म्हणजे चार्ट सांभाळणारा माणूस म्हणून. एखाद्या देशाकडे बघताना मला त्याचं सैन्य आधी दिसत नाही. त्याची खाडी, तिथला तळ, तिथे मिळणारं इंधन आणि पुढच्या बंदरापर्यंतचे तास दिसतात. त्या रविवारी आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर उत्तर अटलांटिकचा चार्ट पसरला आणि तिचा तक्ता नव्याने मांडला. तीच पद्धत इथे लिहून काढतोय. निबंध, वादविवाद, नकली परिषद किंवा युद्धाचा पटावरचा खेळ, कशासाठीही ती वापरता येईल.

आधी महिना ठरवा

"दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडने काय दिलं असतं?" हा प्रश्न असाच ठेवला तर मोजता येत नाही. सहा वर्षांत लढाईचा नकाशा इतका फिरला की एकाच बंदराची किंमत दर काही महिन्यांनी बदलत गेली. म्हणून कागदाच्या माथ्यावर महिना आणि वर्ष लिहा. त्याखाली एकाच ओळीत लिहा, की त्या महिन्यात युतीला कशाची चणचण होती. ही ओळ जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

आयर्लंडच्या बंदरांवर हे करून पाहू. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातल्या १९२१ च्या करारानुसार कोव्ह, बेरहेवन आणि लॉक स्विली ही तीन बंदरं ब्रिटिश आरमाराच्या वापरासाठी राखून ठेवलेली होती. १९३८ मध्ये ब्रिटनने ती आयर्लंडला परत केली. चर्चिलने तेव्हाच विरोध केला होता. युद्ध सुरू झाल्यावर, ५ नोव्हेंबर १९४० रोजी, त्याने संसदेत सांगितलं की ही बंदरं वापरता न येणं हा आपल्यावर फार मोठा भार आहे.

आता महिने बदलून बघा. सप्टेंबर १९३९ : ब्रिटनकडे येणारे जहाजांचे ताफे आयर्लंडच्या दक्षिणेकडूनही येत होते, आणि बेरहेवन त्या वाटेच्या तोंडाशी होतं. त्या महिन्यात त्याची किंमत प्रचंड. पुढे जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. जर्मन पाणबुड्यांना लोरियाँसारखी अटलांटिकवरची बंदरं मिळाली, विमानांना फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले तळ मिळाले. ब्रिटिशांनी ताफे आयर्लंडच्या उत्तरेकडून वळवले. बेरहेवन होतं तिथेच राहिलं, पण त्याच्या पुढची वाटच ओस पडली, आणि वर ते शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात आलं. लॉक स्विली उत्तरेला, म्हणजे अजूनही उपयोगाचं. मात्र उत्तर आयर्लंड ब्रिटनचाच भाग होता, त्यामुळे त्याच्या शेजारचं लंडनडेरी बंदर ब्रिटिशांच्या हातात होतंच.

भाचीने "बंदरं" असा एकच रकाना केला होता. त्याचे तीन झाले आणि प्रत्येकाला दोन-दोन तारखा लागल्या. चर्चिलचा राग खोटा नव्हता, पण तो भाषण करत होता त्या नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडच्या बंदरांचं मोल वर्षापूर्वीइतकं उरलं नव्हतं. पश्चिम किनाऱ्यावर विमानतळ आणि सागरी विमानांचे तळ मिळाले असते तर त्यांचा उपयोग मात्र शेवटपर्यंत झाला असता, कारण तिथून उडालेलं विमान समुद्रात तेवढंच जास्त आत जाऊ शकलं असतं. तिच्या मूळ तक्त्यात याचा उल्लेखच नव्हता.

कंपास घ्या आणि तास मोजा

चार्टवर कंपास आणि पट्टी घेऊन बसा. इंटरनेटवरचा नकाशाही चालेल, पण अंतर सागरी मैलांत काढा आणि लगेच त्याचे तास करा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्लिमथहून बेरहेवनला समुद्रमार्गे जायला अडीचशे सागरी मैलांहून थोडं जास्तच अंतर पडतं. ताफ्याला संरक्षण देणारी नौका १५ नॉट्सनी, म्हणजे ताशी १५ सागरी मैलांनी, गेली तर एका बाजूला सतरा तासांच्या आसपास, जाऊन-येऊन तीस तासांच्या वर. जवळचं बंदर मिळालं तर हे तीस तास ताफ्याजवळ घालवता येतात. शिवाय तेवढं इंधन वाचतं, बॉयलरला आणि माणसांना विश्रांती मिळते. अशा नौका कमी पडत असतील त्या महिन्यात, हातातल्याच नौकांमधून जास्त काम काढून देणं ही त्या देशाची मदत असते.

मग विमानांची वर्तुळं काढा. इथे मला सर्वांत आवडणारं उदाहरण देतो. उत्तर आयर्लंडमध्ये लॉक अर्न नावाचं मोठं सरोवर आहे. तिथून ब्रिटिशांची कॅटलिना आणि संडरलँड ही सागरी विमानं उडत. सरोवर आणि अटलांटिक यांच्या मध्ये आयर्लंडची काही मैलांची चिंचोळी पट्टी आडवी येत होती. नियमाने वागायचं तर विमानांनी उत्तरेकडून डोनेगलला सबंध वळसा घालायचा. १९४१ च्या सुरुवातीला आयर्लंडचा पंतप्रधान डी व्हॅलेरा याच्या सरकारने त्या पट्टीवरून जायला गुपचूप मुभा दिली. याच तळावरून निघालेल्या कॅटलिनाला २६ मे १९४१ च्या सकाळी बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका दिसली. त्याआधी आदल्या दिवसापासून ती हातातून निसटलेली होती. २७ मे रोजी ती बुडाली.

काही मैलांची पट्टी आणि डोळेझाक, एवढंच आयर्लंडने दिलं होतं. सैन्याच्या रकान्यात ते कुठे बसवणार?

हे मला इतकं का पटतं, तेही सांगतो. १९८७ साली इराण-इराक युद्धात आखाती समुद्रात तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते. मी तेव्हा थर्ड मेट होतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीत शिरण्याआधी आमचं जहाज बाहेरच्या बाजूला खोर फक्कनसमोर नांगर टाकून थांबलं. चहूकडे थांबलेल्या जहाजांचे दिवे होते. गोडं पाणी आलं, ताजी भाजी आली, इंजिनरूममधल्या आजारी पडलेल्या मोटरमनला किनाऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेता आलं. त्या किनाऱ्याचा देश कुणाच्याही बाजूने लढत नव्हता. पण ती शांत जागा नसती तर आमच्या कप्तानाने जहाज आत नेलं असतं की नाही, मला शंका आहे. ती रात्र आठवली की "निरुपयोगी तटस्थ देश" हा शब्दप्रयोग मला सहन होत नाही.

हवा : हा रकाना विसरू नका

जहाजावर आम्ही दर सहा तासांनी हवामानाची नोंद पाठवायचो. वायुभार, वारा, ढग, समुद्राची उंची. उत्तर अटलांटिकमध्ये हवा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, त्यामुळे पश्चिमेला बसलेल्या माणसाला उद्याची हवा आज कळते. युरोपात लढणाऱ्याला आयर्लंड, आइसलँड आणि ग्रीनलँडमधली नोंद पाहिजेच.

आयर्लंडने युद्धभर ब्रिटनला हवामानाच्या नोंदी पाठवणं चालू ठेवलं होतं. काउंटी मेयोमधल्या ब्लॅकसॉड इथे पोस्ट ऑफिस आणि हवामान केंद्र एकत्रच होतं. तिथे काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅव्हिनने ३ जून १९४४ च्या पहाटे वायुभार झपाट्याने उतरत असल्याची नोंद केली. त्या दिवशी ती एकवीस वर्षांची झाली होती. नंतर तिला इंग्लंडहून फोन आला, नोंद पुन्हा तपासा आणि पुन्हा सांगा म्हणून. मग परत एकदा आला. नोंद बरोबर होती. नॉर्मंडीवरचं आक्रमण ५ जूनवरून ६ जूनला गेलं, त्यामागे जे अंदाज होते त्यांत ही नोंद होती. ती कशासाठी वापरली गेली, हे त्या मुलीला तेव्हा माहीत नव्हतं.

ही नोंद मी कितीतरी वेळा वाचली आहे. रात्री एक वाजता डोळे चोळत वायुभारमापकासमोर उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. नेहमीचंच काम म्हणून कुणी अंदाजे आकडा ठोकून दिला असता तर? म्हणून तुमच्या तक्त्यात "हवामान, रडार, टेहळणी, संदेश" असा एक वेगळा रकाना ठेवा आणि तो आळसाने रिकामा सोडू नका.

कायदा किती ताणता येतो

तटस्थ देशाच्या हक्क-कर्तव्यांची चौकट १९०७ च्या हेग करारांत आहे. पाचवा करार जमिनीसाठी, तेरावा समुद्रासाठी. दोन्ही छोटे आहेत, एका बैठकीत वाचून होतात, आणि वाचल्याशिवाय हा विषय हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ढोबळमानाने, लढणाऱ्या देशाचं सैन्य किंवा दारूगोळा तटस्थ भूमीवरून नेऊ देता येत नाही. खाजगी व्यापाऱ्याने शस्त्रं विकली तर ती रोखण्याचं बंधन नाही, पण बंदी घातली तर ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. युद्धनौकेला तटस्थ बंदरात, देशाचा वेगळा नियम नसेल तर, २४ तास थांबता येतं. दुरुस्ती समुद्रात तरंगण्यापुरती करायची, लढाईची ताकद वाढवायची नाही.

हे नियम कोरडे वाटतात, पण उरुग्वेने त्यांच्याच आधारावर काय घडवलं बघा. डिसेंबर १९३९ मध्ये जर्मनीची ग्राफ श्पे ही युद्धनौका लढाईत जखमी होऊन माँटेव्हिडिओला आली. जर्मनांना दुरुस्तीला दोन आठवडे हवे होते. उरुग्वेने ७२ तास दिले. शिवाय असाही नियम आहे की शत्रूचं व्यापारी जहाज बंदरातून निघालं तर त्यानंतर २४ तास युद्धनौकेला सुटता येत नाही. ब्रिटिशांनी याचा फायदा घेत आपली व्यापारी जहाजं वेळ साधून बाहेर काढली आणि मोठ्या नौका येत असल्याच्या अफवा पसरवल्या. १७ डिसेंबरला जर्मन कप्तानाने ग्राफ श्पे बंदराबाहेर नेऊन स्वतःच बुडवली. उरुग्वेने एकही गोळी झाडली नाही.

म्हणून प्रत्येक मदतीपुढे तीनपैकी एक खूण करा : कायद्यात बसणारी, डोळेझाक करून होणारी, आणि उघड युद्धाची. आयर्लंडमध्ये उतरलेल्या जर्मन वैमानिकांना कुराघच्या छावणीत ठेवलं जाई. मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांपैकी बरेचसे, विशेषतः युद्धाच्या उत्तरार्धात, सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये पोचवले गेले. ही दुसरी खूण. या मधल्या वर्गातच सर्वांत जास्त सापडतं, आणि नवखे लोक नेमका तोच गाळतात.

माल : देणं आणि नाकारणं

मालाचा विचार करताना दोन प्रश्न विचारा. युतीला तो मिळेल का? आणि शत्रूला तो मिळायचा थांबेल का? पुष्कळदा दुसऱ्याचं उत्तर जास्त वजनदार असतं.

पोर्तुगालमधलं वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचं खनिज, कठीण पोलादाची हत्यारं आणि चिलखतभेदी गोळे यांना लागे. पोर्तुगाल ते दोन्ही बाजूंना विकत होता. मित्रराष्ट्रांनी गरजेपेक्षा जास्त विकत घेतलं, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. जून १९४४ मध्ये तिथला हुकूमशहा सालाझार याने निर्यातच थांबवली. तुर्कस्तान छोटा देश म्हणता येणार नाही, पण त्याच्या क्रोमाची गोष्ट तशीच : एप्रिल १९४४ मध्ये जर्मनीला जाणारं क्रोम बंद झालं. याउलट डेन्मार्कच्या ग्रीनलँडमधल्या इविगटुटचा क्रायोलाइट ॲल्युमिनियम गाळायला लागायचा, म्हणजे तो थेट विमानांच्या कारखान्याचा माल होता. डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर वॉशिंग्टनमधला डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमान याने ९ एप्रिल १९४१ रोजी स्वतःच्या जबाबदारीवर अमेरिकेशी ग्रीनलँडच्या संरक्षणाचा करार केला. कोपनहेगनने त्याला बडतर्फ केलं.

स्वीडनकडे दोन्ही प्रकार होते. त्याचं लोहखनिज जर्मनीला जात होतं. बॉथ्नियाचं आखात हिवाळ्यात गोठलं की ते नॉर्वेतल्या नार्व्हिकमधून जाई. त्याच स्वीडनचे बॉल बेअरिंग ब्रिटनला हवे होते. जानेवारी १९४१ मध्ये पाच नॉर्वेजियन जहाजं बेअरिंग आणि खास पोलाद भरून जर्मन नाकेबंदीतून निसटली आणि ब्रिटनला सुखरूप पोचली. पुढे हलकी विमानं हाच माल नेत राहिली. जून १९४४ मध्ये व्ही-२ प्रकारचं एक जर्मन क्षेपणास्त्र चाचणीत भरकटून स्वीडनमधल्या बेकेबू गावाजवळ कोसळलं, तेव्हा त्याचे तुकडे ब्रिटनला अभ्यासासाठी मिळाले. स्वीडन युद्धात उतरला असता तर यातलं किती शिल्लक राहिलं असतं, हा प्रश्न प्रत्येक ओळीपुढे लिहा. लोहखनिजाचं उत्तर वेगळं येईल, बेअरिंगचं वेगळं.

जहाजं आणि माणसं

जहाजांबद्दल मी पक्षपाती आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. नॉर्वे लहान देश, पण त्याचा व्यापारी ताफा जगातल्या सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक होता. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने आक्रमण केल्यावर सुमारे १,००० जहाजं नॉर्ट्राशिप या संस्थेखाली मित्रराष्ट्रांसाठी चालू लागली. त्यांत नवे तेलवाहू पुष्कळ. कितीतरी बुडाली, आणि त्यांच्याबरोबर हजारो खलाशी गेले. त्यांना कुणी सैनिक म्हणत नव्हतं. तक्त्यात जहाजांचा आकडा टाकाल तेव्हा शेजारी खलाशांसाठीही एक घर ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

सैन्याचा रकाना शेवटी भरा, आणि दोनदा मोजू नका. हजारो आयरिश नागरिक देश तटस्थ असतानाच ब्रिटिश सैन्यात स्वतःहून भरती झाले होते. आयर्लंडने युद्ध पुकारलं असतं तर हीच माणसं कदाचित घरच्या बचावासाठी मागे राहिली असती, म्हणजे युतीच्या हिशेबात भरण्याऐवजी घटच झाली असती.

खर्चाची बाजू

प्रत्येक मित्र सांभाळावा लागतो. छोट्या देशाला विमानविरोधी तोफा लागतील, लढाऊ विमानं लागतील, कोळसा, पेट्रोल, धान्य लागेल, आणि हे सगळं युतीला दुसरीकडून काढून द्यावं लागेल. एप्रिल १९४१ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टवर बॉम्ब पडले तेव्हा डब्लिन आणि आसपासच्या गावांतून आगीचे १३ बंब सीमा ओलांडून मदतीला गेले. त्यानंतर ३१ मेच्या पहाटे डब्लिनमधल्या नॉर्थ स्ट्रँड भागावर जर्मन बॉम्ब पडून २८ माणसं मेली. तटस्थ असतानाची ही गत. उघड युद्धात किती रात्री अशा आल्या असत्या?

१९१६ मधला पोर्तुगाल हा या बाजूचा सर्वांत कडू धडा आहे. ब्रिटनला जहाजांची टंचाई होती. त्याच्या विनंतीवरून पोर्तुगालने फेब्रुवारीत आपल्या बंदरांत अडकलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं. ब्रिटनला जहाजं हवी होती, ती मिळाली. पण पोर्तुगालने पुढे सुमारे ५५,००० माणसांचं दल फ्लँडर्सच्या आघाडीवर पाठवलं, आणि ९ एप्रिल १९१८ रोजी लीस नदीजवळच्या हल्ल्यात एका दिवसात त्यांतले हजारो मारले गेले किंवा पकडले गेले. युतीच्या वहीत जमा झालेली जहाजं आणि त्या घरांमध्ये न परतलेली माणसं एकाच पानावर लिहा. वेगळ्या पानांवर लिहिली की हिशेब लबाड होतो.

दोन रेषा काढा

आता या पद्धतीचा गाभा. आडव्या अक्षावर महिने घ्या. एक रेषा युतीला त्या मदतीची गरज किती होती याची, दुसरी ती मदत देण्यात त्या देशाला धोका किती होता याची. बहुतेक वेळा दोन्ही रेषा बरोबरच चढतात आणि बरोबरच उतरतात. शत्रू जोरात असतो तेव्हाच गरज असते, आणि तेव्हाच तो छोट्या देशाला चिरडू शकतो.

अझोर्स बेटांवर हे स्वच्छ दिसतं. अटलांटिकच्या मध्यभागी किनाऱ्यावरची विमानं पोचत नसत अशी पोकळी होती आणि पाणबुड्या तिथे धुमाकूळ घालत. पोर्तुगालच्या अझोर्सवर तळ मिळाला असता तर १९४२ मध्ये त्याची किंमत करता आली नसती. पण १९४२ मध्ये सालाझारला स्पेनमार्गे जर्मन फौजा येण्याची भीती होती. परवानगी आली ऑगस्ट १९४३ मध्ये, १३७३ च्या जुन्या मैत्री कराराचा हवाला देऊन, आणि विमानं उडू लागली ऑक्टोबरमध्ये. तोपर्यंत लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं आणि छोट्या विमानवाहू नौका यांनी मे महिन्यातच पाणबुड्यांचं कंबरडं मोडलं होतं. तळ उपयोगी पडला, पण वर्षभर आधीच्या तुलनेत थोडाच. तुर्कस्तान हे दुसरं टोक : चर्चिल जानेवारी १९४३ मध्ये स्वतः अदानाला जाऊन आला, आणि तुर्कस्तानने युद्ध पुकारलं २३ फेब्रुवारी १९४५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचं आमंत्रण मिळण्याची मुदत संपायच्या बेतात.

त्यामुळे मी भाचीला सांगितलं, रेषांमधली फट शोध. गरज अजून वर आहे पण धोका खाली आला आहे, असे काही आठवडे किंवा असं काही काम. डोनेगलची पट्टी त्या फटीत बसते, ब्लॅकसॉडची नोंदही बसते. बेरहेवनमध्ये ब्रिटिश नौका उभ्या करणं बसत नाही. फट सापडलीच नाही, तर मोठे देश विचारत बसत नाहीत हेही लक्षात ठेवा. आइसलँडची लोकसंख्या तेव्हा सव्वा लाखाच्या आत, सैन्य नाहीच. १० मे १९४० रोजी ब्रिटिश सैन्य तिथे न विचारता उतरलं. आइसलँडने निषेध नोंदवला. पुढे तिथला ह्वालफ्योर्डूर हा रशियाकडे जाणाऱ्या ताफ्यांचा मोठा नांगरतळ झाला.

तयारीचे दिवस मोजा

नेमक्या त्याच तारखेला, १० मे १९४० रोजी, बेल्जियमवर हल्ला झाला. बेल्जियमने १९३६ पासून तटस्थतेचं धोरण धरलं होतं आणि फ्रेंच-ब्रिटिश सैन्याला आधी आत येऊ दिलं नव्हतं. जानेवारी १९४० मध्ये जर्मन विमान चुकून बेल्जियममध्ये उतरलं, त्यात आक्रमणाचे कागद सापडले, तरीही धोरण बदललं नाही. मग हल्ल्याच्या दिवशी फ्रेंच आणि ब्रिटिश फौजा घाईने आत शिरल्या. तयार अडथळे मिळतील अशा समजुतीने जांब्लूच्या पट्ट्यात पोचलेल्या फ्रेंचांना जेमतेम कामं झालेली दिसली. बेल्जियमचं सैन्य लहान नव्हतं. कमी पडले ते एकत्र बसून ठरवण्याचे दिवस.

त्याच मे महिन्यात आयरिश आणि ब्रिटिश अधिकारी गुपचूप भेटून, जर्मनी आयर्लंडमध्ये उतरला तर काय करायचं हे ठरवत होते. त्या आराखड्याला प्लॅन डब्ल्यू म्हणत. तटस्थता जराही न सोडता हे झालं. म्हणून प्रत्येक मदतीपुढे "किती दिवसांची पूर्वतयारी" असा आकडा लिहा. धावपट्टी, इंधनाच्या टाक्या, संदेशाच्या तारा, दुभाषे, कुणाला फोन करायचा ते. शून्य दिवस लिहून कुठलीच मदत कामाला येत नाही.

शांत खुर्चीची किंमत

शेवटचा रकाना तटस्थ राहूनच देता येणाऱ्या गोष्टींचा. स्वित्झर्लंडने दोन्हीकडच्या अनेक देशांचे हितसंबंध शत्रूच्या राजधानीत सांभाळले. जिनिव्हात रेड क्रॉस युद्धकैद्यांच्या नोंदी आणि पत्रं पोचवत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये स्वीडनने डेन्मार्कमधून निसटलेल्या ७,००० हून अधिक ज्यूंना आसरा दिला. त्याच महिन्यात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या मुरगाव बंदरात ग्रिप्सहोम आणि तेइया मारू ही दोन जहाजं धक्क्याला लागली आणि अमेरिका-जपान यांच्यात अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल झाली. त्याच बंदरात मार्च महिन्यात, तिथे थांबून राहिलेल्या जर्मन जहाजांवर ब्रिटिशांनी छुपा हल्ला घडवला होता. एकाच वर्षात, एकाच तटस्थ बंदरात, दोन्ही. या रकान्यातलं प्रत्येक काम देश युद्धात उतरला त्या दिवशी बंद पडतं. ती रक्कम वजा करा.

कागद दुसऱ्याच्या हाती द्या

तक्ता पुरा झाला की आम्ही एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. भाचीने युतीची बाजू घेतली आणि मी त्या छोट्या देशाचा मंत्री झालो. ती एकेक मागणी वाचायची, मी प्रत्येकीवर तेच तीन प्रश्न विचारायचो : कुठल्या महिन्यात? बदल्यात काय पाठवाल, आणि ते कधी पोचेल? आमच्या शहरावर विमानं आली तर त्या रात्री कोण येईल? तिच्या चौदा मागण्यांपैकी पाचांना तिन्ही उत्तरं मिळाली. उरलेल्या नऊ तिने खोडल्या नाहीत. त्यांच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलं आणि बंदरांच्या पानावर परत जाऊन तारखा पुन्हा तपासायला बसली.